झोपलेली बाजू

ते पत्र नाट्यगृहाच्या तळघरातल्या खोलीत आलं तेव्हा टोपमावशीच्या तोंडात सात टाचण्या होत्या, म्हणून तिला लगेच काही बोलता आलं नाही. नाहीतर पत्र घेऊन आलेल्या पहारेकऱ्याला तिने आल्या पावली परत पाठवला असता. एकेक टाचणी काढून तिने समोरच्या लाकडी डोक्यात खोचली, चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "पत्ता चुकलाय यांचा. मला कोण परीक्षक करतंय?"

पत्ता बरोबर होता. एका जुन्या फ्रेंच ऑपेराचे सात प्रयोग, सात निरनिराळ्या मंडळींनी केलेले, चित्रित होऊन स्पर्धेला आले होते. ते बघून गुण द्यायला पाच जण हवे होते, आणि नियमाप्रमाणे त्यातला एक पडद्यामागचा कारागीर असावा लागे. आजवर त्या जागेवर जो कुणी बसला त्याने चहा घेतला, मान डोलवली, दाखवाल तिथे सही केली आणि घर गाठलं. ही चाल टोपमावशीला कुणी समजावून सांगितली नाही, हे फार बरं झालं.

टोप म्हणजे नाटकातले खोटे केस. लोकांना टोप्या घालणारे जगात पुष्कळ आहेत. टोपमावशी चाळीस वर्षं लोकांना केस घालत आली होती. एकोणिसाव्या वर्षी ती इथे बटणं शिवायला म्हणून लागली. तेव्हा टोपांचं काम एक म्हातारा वस्ताद बघायचा. त्याने तिची बोटं पाहिली आणि तिला बटणांच्या डब्यापुढून उठवून केसांच्या जुड्यांपुढे बसवली. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणायची, हुकाच्या सुईने एकेक केस त्या जाळीच्या घरातून ओढायचा आणि गाठ मारायची. एका टोपाला तीस-चाळीस हजार गाठी. "घाई असेल त्याने टोपल्या विणाव्यात," असं वस्ताद म्हणायचा.

वस्तादाचे दोन नियम होते. पहिला, टोप विसाव्या रांगेतून चांगला दिसला पाहिजे. जवळ येऊन नाक खुपसणाऱ्याला सांगावं, तिकीट काढ आणि मागे जाऊन बस. दुसरा, एका टोपात एकाच हाताच्या गाठी. वस्ताद गेला, त्याचे नियम टोपमावशीने वारसा म्हणून सांभाळले, आणि नियमांबरोबर आलेली खोडही सांभाळली. उजव्या हाताने मारलेल्या गाठी सगळ्या एकाच अंगाला झुकतात. त्यामुळे भांगाच्या उजवीकडचे केस मुळापासून छान उठतात आणि डावीकडचे चापून बसतात. या डावीकडच्या भागाला तळघरात 'झोपलेली बाजू' म्हणत. तिच्यावर उपाय सोपा होता. तिथे एखादं फूल खोचायचं, फूल नसेल तर पीस, पीस नसेल तर कंगवा. चाळीस वर्षं त्या रंगमंचावरच्या झाडून सगळ्या नायिकांनी डाव्या बाजूलाच फूल माळलं. वर्तमानपत्रातल्या एका समीक्षकाने तर त्या डाव्या फुलाचा हृदयाशी काय संबंध आहे, यावर दीड कॉलम लिहिला होता. मावशीने तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता. काम अडलं की वाचायची आणि हसायची.

मावशी ती खरोखर एकीचीच. धाकट्या बहिणीची मुलगी सतराव्या वर्षी तिच्या हाताखाली आली आणि दिवसभर "मावशी, हे कसं? मावशी, ते कुठंय?" असं चालू झालं, ते ऐकून सगळं नाट्यगृहच तिला टोपमावशी म्हणायला लागलं. भाचीचं नाव पडलं डावरी, कारण ती डावखुरी होती. आता एका टोपात एकच हात म्हटल्यावर डाव्या हाताचं काय करायचं? मावशीने तिला उजव्या हाताने गाठ मारायला शिकवलं. तीन वर्षं लागली. पोरगी रडली, सुई फेकली, परत उचलली आणि शिकली. आणि अशी शिकली की मावशीचा टोप कुठला आणि डावरीचा कुठला, हे मावशीला स्वतःलाही आत शिवलेली चिठ्ठी बघून ठरवावं लागे. मावशीला संसार नव्हता. लाकडी डोकी होती आणि ही होती.

नऊ वर्षं अशी गेली. मग एका प्रयोगाच्या दिवशी पडदा वर जायला अर्धा तास असताना मावशीने नायिकेचा टोप हातात घेतला आणि तिला काहीतरी वेगळं लागलं. झोपलेली बाजू झोपलेली नव्हती. डावरीने आदल्या आठवड्यात, कुणाला न विचारता, डावीकडच्या गाठी उसवून परत मारल्या होत्या, आपल्या डाव्या हाताने.

"विचारलंस मला?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग म्हणून नाही विचारलं. मावशी, बघ तरी. फुलाची गरजच नाही आता."

मावशीने बघितलं नाही. नटनट्यांच्या देखत तिने ती बाजू चिमटीत धरून ओरबाडली, जाळी टर्रकन फाटली, आणि तिथे तिने फूल खोचलं. "केसाने गळा कापलास माझा," ती म्हणाली. "माझ्या खोलीत राहायचं तर माझ्या हाताने काम करायचं." डावरीने आपल्या हुकाच्या सुया रुमालात गुंडाळल्या, जिना चढली, आणि गेली ती गेलीच. त्या रात्रीचा प्रयोग चांगला झाला. विसाव्या रांगेतून कुणाला काय दिसणार!

त्याला अकरा वर्षं झाली. बहिणीने डावरीचा नंबर टाचण्यांच्या डब्याच्या झाकणात आतून लिहून दिला होता. मावशी दिवसातून वीस वेळा तो डबा उघडे. नंबर तिला तोंडपाठ होता. फिरवला मात्र कधीच नव्हता. आधी तिने करावा, असं मावशीचं म्हणणं. भाचीचंही तेच म्हणणं असल्याचं बहीण सांगे. आपल्याकडे माणसं हट्ट सोडून दुसरं काही वारशाने देत नाहीत.

तर अशी ही टोपमावशी, धुतलेली साडी नेसून, पर्समध्ये भिंग टाकून, परीक्षक म्हणून गेली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. समोर भिंतभर पडदा, पाच खुर्च्या, पाच टेबलं, प्रत्येक टेबलावर गुणपत्रिका आणि टोक केलेली पेन्सिल. अध्यक्ष निवृत्त गायक होते. ते 'पंखा जरा कमी करा' म्हणाले तरी खिडकीची काच हले. एक गाण्याच्या बाई होत्या, त्या डोळे मिटूनच बघत. यंत्रापाशी एक संकलक बाई होती, सिनेमाची कापाकापी करणारी, मितभाषी. आणि मावशी धरून पाचवे होते तेच दीड कॉलमवाले समीक्षक. मावशीने त्यांना ओळखलं आणि ओठ दाबून बसली.

मंडळांची नावं झाकलेली होती. सात फिती, सात आकडे. प्रत्येकाने कागदावर सही केली होती की, या सात मंडळांत आपलं नात्याचं कुणी नाही. मावशीनेही केली, तिला तसं वाटतच होतं.

आता त्या ऑपेराची गोष्ट. हातमोजे विकणारी एक मुलगी असते. तिचा एका शिपायावर जीव जडतो. पहिल्या अंकात तो लढाईवर जातो, दुसऱ्या अंकात ती वाट बघते, आणि तिसऱ्या अंकात पंचवीस वर्षांनी तो तिच्याच दुकानात हातमोजे घ्यायला येतो आणि तिला ओळखतच नाही. ती त्याच्या हातात मोजा चढवते, बटण लावते आणि काही न सांगता त्याला जाऊ देते. टोपमावशीला फ्रेंच कळत नव्हतं, खालच्या ओळी वाचाव्या लागत. पहिल्यांदा गोष्ट संपली तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "पंचवीस वर्षांत बाई ओळखू येत नाही म्हणजे काय! यांचं लक्ष असतं कुठे?" गाण्याच्या बाईंनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

दोन दिवसांत सात फिती बघायच्या होत्या. पहिल्या चारांमध्ये मावशीच्या जिवाची नुसती तगमग झाली. हे प्रयोग विसाव्या रांगेतून घेतलेले नव्हते. कॅमेरा नायिकेच्या कपाळाशी जाऊन उभा राहत होता. जाळीची कड दिसत होती, डिंक चकाकत होता. एकीचा टोप तर दुसऱ्या अंकात पुढे सरकला होता आणि ती बिचारी भुवयांपर्यंत केस घेऊन विरहाचं गाणं म्हणत होती. मावशीने गुण दिले ते हात आखडून, पण मनात हसू नव्हतं. तिचे स्वतःचे टोप इतक्या जवळून कुणी घेतले असते तर काय दिसलं असतं, हे तिला पुरतं माहीत होतं. चारही फितींतल्या नायिकांनी डावीकडे काहीतरी खोचलेलं होतं. म्हणजे ही खोड तळघरोतळघरी होती तर!

पाचवी फीत लागली. पहिल्या अंकात दाट काळे केस, दुसऱ्यात तेच, थोडे सुकलेले. मावशी सरसावून बसली. मग तिसरा अंक उघडला. हातमोजेवाली दुकानात उभी होती. केस पिकलेले, विरळ झालेले, भांगाशी टाळू दिसत होती. साधे मागे बांधलेले केस. फूल नाही, पीस नाही, कंगवा नाही. आणि डावी बाजू मुळापासून हलकी उठलेली होती.

मावशीचा हात पेन्सिलीवरच थांबला. ते केस तिने एकदाच पाहिले होते, अर्धा क्षण, फाडायच्या आधी.

पुढचं गाणं तिने ऐकलं नाही. तिला राग आला होता, इतका की कान तापले. फीत संपली, दिवे लागले. बाकीचे लिहीत होते. मावशीने केशभूषेच्या रकान्यात दहा लिहिले. खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले, आणि कागद विरला तसा रकाना रिकामाच ठेवून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन फिती दुपारपर्यंत आटोपल्या आणि अध्यक्षांनी गुण वाचायला घेतले. केशभूषेला या स्पर्धेत वेगळा रकाना होता. स्पर्धा सुरू करणाऱ्या गृहस्थांचं डोकं तुळतुळीत होतं म्हणे, त्याशिवाय कुणाला केसांची एवढी किंमत कळत नाही. आणि नियम असा की, एखाद्या रकान्यात तीन परीक्षकांनी शून्य दिलं तर ती फीत बाद.

"पाचवी," अध्यक्ष म्हणाले. "केशभूषा. मी शून्य. समीक्षकसाहेब शून्य. गाण्याच्या बाई शून्य. बाद."

मावशीला ऐकलेलं खरं वाटेना. "का?"

"अहो, तिसऱ्या अंकात टोपच नाही," समीक्षक म्हणाले. "नटीला तिच्या स्वतःच्या केसांवर थोडी पावडर मारून उभी केली. पहिल्या दोन अंकांत मेहनत घेतली आणि तिसऱ्यात अंग चोरलं. आळस आहे हा, दुसरं काही नाही."

"गातात सुंदर," गाण्याच्या बाई हळहळल्या. "पण नियम म्हणजे नियम."

अध्यक्षांनी अहवालाचा कागद पुढे सरकवला. प्रत्येक मंडळाला कारणांसकट असा अहवाल जाणार होता. 'क्रमांक पाच. केशभूषा केलेली नाही.' खाली पाच सह्यांच्या जागा. चार झाल्या होत्या. पाचव्या जागेखाली मावशीचं नाव आधीच टाईप केलेलं होतं.

पेन हातात घेऊन ती बसून राहिली. सही केली तर काय होणार, ते तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. आठ दिवसांनी कुठल्यातरी दुसऱ्या तळघरात कुणीतरी हा कागद उघडेल. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि त्यापुढे शून्य, आणि शून्याखाली मावशीची सही. एकदा ते केस हाताने फाडले होते, आता पेनाने. आणि सही नाही केली तर तोंड उघडावं लागेल. तोंड उघडलं की नातं सांगावं लागेल, अकरा वर्षं सांगावी लागतील, आणि सगळ्यात जड म्हणजे, कोण चुकलं होतं तेही सांगावं लागेल.

तिने पेन खाली ठेवलं.

"टोप आहे," ती म्हणाली.

"काय?"

"तिसऱ्या अंकात टोप आहे. तुम्हाला दिसला नाही, म्हणून शून्य देताय. अहो, न दिसण्यासाठीच तर करतात तो!"

समीक्षक हसले, मोठ्या माणसाने लहानाच्या बोलण्यावर हसावं तसे. "मावशी, तीस वर्षं मी नाटकं बघतोय."

"आणि मी चाळीस वर्षं त्यांची डोकी बघतेय. मीही काही उन्हात केस पांढरे केलेले नाहीत. बाई, लावा परत. शेवटचं गाणं."

संकलक बाईला कापाकापीची संधी मिळाली की आनंद व्हायचा. तिने फीत लावली. मावशी पडद्यापाशी जाऊन उभी राहिली, तिची सावली शिपायावर पडली.

"आता ती वरचा सूर घेईल. घेताना तिच्या भुवया उठतात. हं, हळू करा. अजून हळू. बघा. भुवया उठल्या. कपाळाला आठ्या पडल्या. कपाळ वर गेलं. केस गेले?"

बाईने तो तुकडा मागे नेऊन परत सोडला. भुवया उठल्या, कपाळ सरकलं, आणि केस, अगदी एखाद्या श्वासाएवढे उशिरा, मागून गेले.

"आपले केस असते तर कपाळाबरोबर गेले असते. ही जाळी आहे. आता ती बटण लावायला मान वळवते. थांबवा. कानामागे बघा."

पडद्यावर कान हाताएवढा मोठा होता. त्याच्या मागे, पिकल्या केसांखालून, घामाने चिकटलेला एक काळाभोर केस बाहेर आलेला होता.

"हा तिचा खरा," मावशी म्हणाली. "पंचविशीतली पोर आहे ती. एवढी एकच चूक. मी असते तर एक गुण कापला असता. नऊ."

समीक्षक उठून पडद्याजवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. कान बघितला, भांग बघितला. मग आपल्या टेबलाकडे गेले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी शून्य खोडलं. मी समीक्षकांबद्दल फारसं चांगलं बोलत नाही, पण हे सांगायलाच हवं.

"'मी असते तर' म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं. "तुम्ही आहातच की. तुमचा रकाना रिकामा कसा?"

"माझे गुण धरू नका," मावशी म्हणाली. "हा टोप माझ्या भाचीने केलाय. नाव झाकलंय तुम्ही, पण हात झाकता येत नाही. सही केली तेव्हा मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही. तिने एक टोप असाच केला होता, बरोबर केला होता, आणि मी तो चार लोकांत फाडला."

अध्यक्षांनी मावशीची गुणपत्रिका हातात घेतली.

"मग कालच का नाही बोललात?"

"काल मला राग आला होता."

"कुणाचा?"

"ते ठरवायला आज उजाडलं."

अध्यक्षांनी खाकरून घसा साफ केला, काच हलली. नियमाप्रमाणे मावशीचे या फितीचे सगळे गुण रद्द झाले आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. ती निघाली, तेवढ्यात नायिका मोजा चढवण्यासाठी खाली वाकलेली असताना संकलक बाईने फीत थांबवली. सगळा भांग पडद्यावर, समोर, रस्त्याएवढा रुंद. मावशी दारातच थबकली.

कालपासून ती एवढंच धरून बसली होती की, पोरीने शेवटी सगळं डाव्या हाताने केलं, माझं सगळं टाकून दिलं. पण सगळं डाव्या हाताने असतं तर उजवी बाजू झोपली असती. उजवी बाजूही उठलेली होती. तिने पर्समधून भिंग काढलं, परत टाकलं. पडद्याला भिंग लावून काय दिसणार? नुसत्या डोळ्यांनीच दिसत होतं. उजवीकडे दर चौथा केस जाळीत एक घर मागून निघाला होता. ही वस्तादाची खूण. वस्तादाने ती मावशीला शिकवली होती आणि मावशीने जगात फक्त एकीला. भांगाच्या उजवीकडे मावशीचा हात होता, डावीकडे डावरीचा, आणि दोन्ही मिळून ते एक माणसाचं डोकं झालं होतं. म्हणून तर कुणाला टोप दिसला नाही.

ती बाहेर बाकावर बसली आणि रडली. वाचनालयातल्या एका म्हाताऱ्याने वर्तमानपत्र थोडं बाजूला करून बघितलं आणि सभ्यपणे पुन्हा वर धरलं.

थोड्या वेळाने समीक्षक दोन कप चहा घेऊन बाहेर आले. शेजारी बसले. एक कप तिच्या हातात दिला.

"मावशी, एक विचारू? तुमच्या नायिकांना ते डाव्या बाजूला फूल असायचं. ते हृदयाच्या बाजूला म्हणूनच ना?"

"झोपलेली बाजू झाकायला हो! तिथे केस उठायचे नाहीत."

"मग माझा तो लेख..."

"कपाटाला लावून ठेवलाय. रोज वाचते."

समीक्षक आधी गोरेमोरे झाले, मग त्यांना हसू आवरेना. चहा सांडला.

निकाल आठ दिवसांनी लागणार होता, आणि तोवर स्पर्धकांपैकी कुणाशी बोलायचं नाही असा नियम होता. अकरा वर्षं ज्या बाईने फोन केला नव्हता तिला आता आठ दिवस निघेनात. टाचण्यांचा डबा ती उघडायची आणि मिटायची. तिसऱ्या दिवशी तिने एक जुनं लाकडी डोकं खाली काढलं, जाळी ताणली आणि हुकाची सुई डाव्या हातात धरली. केस निसटला. परत घेतला, सुई बोटात गेली. दिवसभरात अकरा गाठी झाल्या आणि अकराही अशा, की वस्तादाने तिला परत बटणं शिवायला बसवलं असतं. चौथ्या दिवशी वीस झाल्या. तीन वर्षं एका पोरीला रोज असं बसवलं होतं, हे तिला बोटांनी सांगितलं तेव्हा कळलं.

निकाल लागला. पहिला नंबर सहाव्या फितीचा आला, गाण्याच्या जोरावर, आणि तो रास्तच होता. पाचवी दुसरी आली. तिच्या अहवालात केशभूषेपुढे चार आकडे होते, चारही दहा. खाली चारच सह्या होत्या, आणि पाचव्या जागी लिहिलं होतं, 'नात्यामुळे गुण दिले नाहीत.'

दुपारी तळघरात कुणी नसताना मावशीने डबा उघडला आणि झाकणाकडे न बघता नंबर फिरवला. तिकडे घंटी एकदाच वाजली.

"हॅलो."

मावशीने पुष्कळ काही ठरवून ठेवलं होतं. आधी खुशाली विचारायची, मग निकालाचं, मग ते दुसरं, जे म्हणायला जीभ वळत नव्हती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"कानामागचा केस बाहेर आला होता," ती म्हणाली.

पलीकडे टाचण्या सांडल्याचा आवाज झाला.

"माहितेय," डावरी म्हणाली. "घाम फार येतो तिला. दोनदा डिंक लावला तरी... मावशी, तुला दिसला?"

"दिसला. सगळंच दिसलं. या वेळी जवळून बघितलं मी." मावशी थांबली. समोरच्या लाकडी डोक्यावर डाव्या हाताच्या साठ-सत्तर वेड्यावाकड्या गाठी होत्या आणि तिच्या अंगठ्याला पट्टी होती. "चुकलं माझं तेव्हा. ऐकतेस ना? आणि आता मला एक सांग. डाव्या हाताने गाठ ओढताना केस निसटतो माझा. तू अंगठा कुठे धरतेस?"

"अंगठा नाही धरायचा, मावशी," पलीकडून नाक ओढत डावरी म्हणाली. "थांब. सुई घेतलीस का हातात? घे आधी. मग सांगते."